रक्तातला विळा

दीपा वरठा पळायला लागली की पहिल्या फेरीत तिच्या पाठीला कुणी लागत नसे. दुसऱ्या फेरीत तिचे पाय सुटत. आश्रमशाळेत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. खेळाचे गुरुजी म्हणत, "पोरीत वेग आहे, जिगर नाही." मुली तिला 'अर्धी दीपा' म्हणत. हळूहळू दीपालाही तेच खरं वाटायला लागलं. दुसरं काय वाटणार? तिला दुखत काही नसे. धाप तर सगळ्यांनाच लागते. फक्त कमरेखालचं अंग परक्याचं झाल्यासारखं वाटे. भाताच्या आवणीच्या वेळी चिखलातून पाय उपसावेत तसे ते उपसावे लागत, आणि मग तेही होईना की ती होती तिथं बसून राही. थोड्या वेळानं उठून चालू लागे. त्या संध्याकाळी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होई. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. असल्या गोष्टी कुणी कुणाला सांगतं का?

बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाताना नागझरीच्या अलीकडे एक मातीची वाट डोंगराकडे वळते. त्या वाटेच्या टोकाला दहा-बारा घरांचा पाडा, त्यात सुका वरठाचं घर. पावसावरचं थोडं भात, थोडी नागली. दिवाळी झाली की सुका आणि बुधी वीटभट्टीवर जात, ते थेट उन्हाळा संपताना परत येत. दीपा आणि तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा रूपेश आश्रमशाळेत वाढले.

सुकाच्या बहिणीचा एक मुलगा होता, नवशा. थंडी पडली की त्याची हाडं दुखत. इतकी दुखत की तो भिंतीला डोकं आपटी. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं आईचं दूध लागलं नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं दुखण्याचं काहीतरी नाव सांगितलं होतं, पण ते नाव पाड्यापर्यंत येता येता वाटेतच सांडलं. मिसरूड फुटायच्या आत नवशा गेला. पुढं घरात त्याचं नाव निघालं की बुधी काही न बोलता चुलीतली लाकडं सारखी करायला लागे.

बारावीनंतर दीपा तारापूर एमआयडीसीत एका औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायच्या कामाला लागली. ठेकेदाराकडची नोकरी. डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, आणि सुटी झाल्यावरही नाकातून न जाणारा वास. पळणं मात्र तिनं सोडलं नव्हतं. का सोडलं नाही, हे तिला सांगता आलं नसतं. पहाटे टँकर सुरू व्हायच्या आत ती बेटेगावच्या बाजूला रस्त्याच्या कडेनं पळून येई. एकटीनं, आपल्या मनानं पळताना पाय कधी सुटत नसत. शर्यत लागली, माणसं ओरडायला लागली, पुढची पाठ गाठायची झाली, की मात्र तेच ते.

एका डिसेंबरात केळव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर शर्यत होती. मुंबईची माणसं मनगटावर मोठाली घड्याळं बांधून आली होती. कारखान्यातल्या चार मुलींबरोबर दीपाही गेली. ओल्या वाळूवर ती सगळ्यांच्या पुढं निघाली आणि परतीच्या वळणापर्यंत पुढंच राहिली. शेवटच्या टप्प्यात वाट सुरूच्या बनाकडच्या भुसभुशीत वाळूत शिरत होती. ऊन चढलं होतं. तिथं तिचे पाय गेले. ती पडली नाही, खचली. मातीची भिंत पावसात बसते तशी.

पाण्याच्या टेबलापाशी उभी असलेली एक बाई धावत आली. ती चारुता सावे. केळव्याच्याच बागायतदार घरातली, नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेली. पुण्याला जाऊन खेळाचं शास्त्र शिकली होती आणि आता पालघरच्या एका कॉलेजात शिकवत होती. दुसरे दोघे दीपाला उठवून उभं करायला बघत होते, "चाल, चाल म्हणजे गोळा उतरेल," म्हणत होते. चारुतानं त्यांना हातानं थांबवलं. दीपाला सावलीत निजवलं, मांडीवर बोटं दाबून पाहिली.

"दुखतंय?"

"नाय."

"मग काय होतंय?"

"पाय नाय हायेत मॅडम."

चारुतानं दीपाच्या डोक्यावर आणि मानेवर ओलं फडकं ठेवलं, घोट-घोट पाणी पाजलं. दीपाचा श्वास खाली बसल्यावर तिनं आजूबाजूच्यांना लांब पाठवलं आणि हळू आवाजात विचारलं, "असं झालं की नंतर लघवी काळपट होते का गं? चहासारखी?"

दीपानं मान दुसरीकडे वळवली. तिला लाज वाटली. जी गोष्ट तिनं कधी तोंडाबाहेर काढली नव्हती, ती या बाईला कशी कळली?

"तुमच्याकडे कुणाला हाडं दुखायचा आजार होता? लहान वयात गेलेलं कुणी?"

"आत्याचा नवशा," दीपा म्हणाली.

आरोग्य केंद्रात आधी बोटातून थेंब घेतला, मग शिरेतून नळीभर रक्त. निकाल आला तेव्हा चारुता स्वतः तिला भेटायला बोईसरला आली. स्टेशनाबाहेरच्या उपाहारगृहात दोघी बसल्या.

"सिकलसेल म्हणतात. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आलं की आजार. नवशाला तसं होतं. तुला एकाच बाजूनं आलंय. म्हणजे तू आजारी नाहीस. घरकाम, शेत, कारखाना, यात तुला ते कळणारसुद्धा नाही. पण जिवाच्या करारानं पळायला लागलीस, वर ऊन असलं, अंगातलं पाणी आटलेलं असलं, की रक्तातल्या गोल पेशी वाकतात. विळ्यासारख्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. पायांना रक्तच पोचत नाही. गोळा आला असता तर तुझी मांडी दगड झाली असती, तू ओरडली असतीस. तुझी मांडी मऊ होती."

"मंग पळायचं नाय?"

चारुतानं चहाचा पेला बाजूला सारला. "तू इतकी वर्षं जिथं जिथं बसलीस ना, तिथं बसलीस म्हणून वाचलीस. कुणी काठी उगारून तुला पळवलं असतं तर आज आपण बोलत नसतो. पळायचं नाही असं मी म्हणणार नाही. पण यापुढं मी सांगेन तसं पळायचं."

दीपानं वीटभट्टीवरच्या झोपडीत जाऊन सांगितलं तेव्हा बुधी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"नवशाला होतं तेच?"

"त्यातलंच. पण अर्धं."

"तुझ्या बाकडून आलं का माझ्याकडून?"

"ते नाय ठाऊक. तुमी दोघं तपासाल तर समजंल."

"नको," बुधी म्हणाली. "आन् तू कोनाला सांगू नको. लग्न व्हायचंय तुझं." तिनं सूप उचललं आणि आत गेली.

त्या हिवाळ्यापासून दीपा सुटीच्या दिवशी केळव्याला जायला लागली. पळणं एवढं मोठं शास्त्र असेल याची तिला कल्पना नव्हती. चारुता तिला पळायच्या आधी आणि नंतर वजनकाट्यावर उभी करी. जेवढं वजन उतरलं तेवढं पाणी अंगातून गेलं, ते भरून काढल्याशिवाय पुढचं पळणं नाही. छातीला पट्टा बांधून हृदयाचे ठोके मोजले जात. ठोके खाली आल्याशिवाय दुसरी धाव नाही. दीपाला ते वाट बघणं नकोसं होई. बाकीच्या मुली दोन धावा मारून झालेल्या असत आणि ही सुरूखाली बसलेली. "बसणं हाही सराव आहे," चारुता म्हणे. मोबाइलवर तिच्या धावण्याचं चित्रीकरण करून ती सावकाश दाखवी. टाच फार पुढं पडते, खांदे कानाला लागतात, त्यात ताकद फुकट जाते. कोरा चहा पिऊन पळायला येणं बंद झालं. भाकरी, सुकट, अंडं आणि डाळ पोटात गेल्याशिवाय जोराचा सराव नाही. रात्रपाळी झालेल्या दिवशी तर पळायचंच नाही. अंगात कणकण असली तरी नाही. उन्हाळा लागला तेव्हा चारुतानं तिला उन्हाची सवयही थोडी थोडी करून दिली. आधी नुसतं चालणं, मग मंद पळणं, आणि एक नियम, जो सगळ्यांच्या वर होता: पाय जड व्हायला लागले की त्याच क्षणी थांबायचं. ती फेरी पूर्ण करायचीसुद्धा नाही.

"मंग शर्यत हरन ना मी."

"हर की."

पुढच्या पावसाळ्यानंतर नाशिकला पाच हजार मीटरची खुली स्पर्धा झाली. दीपा पहिल्या फेरीत मागे राहिली. इतके दिवस जे तिच्या स्वभावातच नव्हतं ते तिनं शिकून घेतलं होतं. चौथ्या फेरीत पुढच्या मुलींचे खांदे वर चढलेले तिला दिसले. शेवटी ती तिसरी आली. पदकापेक्षा तिला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. शर्यत संपली होती आणि पाय होते.

पाड्यात त्या पदकाचा सर्वांत जास्त आनंद रूपेशला झाला. त्यानं ते गळ्यात घालून मित्राच्या मोटारसायकलवर दोन चकरा मारल्या. रूपेश बावीस वर्षांचा, अंगानं भरलेला, हसरा. बोईसरला एका गोदामात माल उतरवायचं काम करी आणि पहाटे भरतीच्या अकॅडमीत जाई. पोलीस व्हायचं हे त्यानं सातवीत ठरवलं होतं. पाड्यातला पहिला पोलीस. सुका वीटभट्टीवर मुकादमालासुद्धा सांगे, "पोरगा पोलिसात लागतोय." अजून लागायचा होता, पण सुका सांगे.

एकदा रूपेशला त्याचा मित्र भावेश मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. उतरताना रूपेशनं भावेशच्या खांद्याचा आधार घेतला. "आज सरांनी पिट्टा पाडला," तो हसत म्हणाला. "कंबरंखाली काय राह्यलंच नाय." भावेशही हसला. ओट्यावर बसलेली दीपा हसली नाही. भाऊ मोरीकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. आल्यावर तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली.

"रंग कसा होता?" तिनं विचारलं.

"कसला?"

"समजतंय तुला."

"ऊन हाय बाय. सगल्यांचाच होतो."

भावेश गेल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं. विळा, नसा, नवशा, केळव्याची वाळू. रूपेशनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आन् माझ्यात निघालं तर?"

"तर तुला मी सांगते तसं पळायचं. मी पळतेच ना?"

"तुला पदक मिळवायचंय. मला नोकरी मिळवायचीय. उद्या मेडिकलला कोनी बोललं, ह्याच्या रक्तात खोट हाय, तर? तुझी मॅडम येईल का सांगायला?"

दीपानं ते चारुताला विचारलं. चारुता म्हणाली, "मेडिकलला काय होईल ते मी छातीठोक नाही सांगू शकत. पण त्याच्या जिवंत राहण्याचं विचारशील तर मी सांगते, तपास." दीपानं हा निरोप भावापर्यंत पोचवला. त्यानंतर दीपा घरी आली की रूपेश बाहेर जायला लागला. कपाटावर प्लास्टिकचा एक काळा डबा दिसायला लागला होता. बोईसरच्या व्यायामशाळेत कुणीतरी दिलेली ताकदीची पावडर. ती घेतली की अंगात घोडा शिरतो, थकवा समजतच नाही, असं तो आईला सांगे. थकवा समजतच नाही, म्हणजे थांबायची खूणही समजत नाही, हे दीपानं ओळखलं.

शेवटी ती अकॅडमीत गेली. तिथले कृष्णकांत सर पन्नाशीचे, ताठ कण्याचे, मिशा पिकलेले गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. गरिबाघरच्या पोरांना त्यांनी कित्येकदा स्वतःच्या पैशानं बूट घेऊन दिले होते. त्यांनी दीपाला खुर्ची दिली आणि तिचं सगळं बोलणं ऐकलं.

"पोरी, मी आयुष्यभर पोरं पळवली," ते म्हणाले. "जो थांबतो तो थांबतच जातो. उलटी होईल, चक्कर येईल, त्याच्या पलीकडं गेलं की माणूस तयार होतो. तुझा भाऊ माझा सर्वांत चांगला मुलगा आहे. त्याच्या डोक्यात हे भरवू नकोस."

"त्याला निस्ता दोन धावांच्या मधी जास्त वेळ द्या सर. आन् पाय जड झाले बोलला तर उठवू नका."

"एकाला सवलत दिली की चाळीस जण मागतात." मग म्हणाले, "पाण्याचं बघतो मी. दोन पिंपं जास्त ठेवतो."

त्यांनी पिंपं ठेवलीही.

पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर आला. भात पिवळं पडायला लागलं आणि पाऊस संपल्याबरोबर ऊन असं तापलं की दुपारी डांबराला चप्पल चिकटे. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेची तारीख जाहीर झाली होती आणि अकॅडमीनं त्याआधी स्वतःची चाचणी ठेवली होती. सोळाशे मीटर, घड्याळ लावून. दीपा आठवडाभर बोईसरला मैत्रिणीच्या खोलीवरच राहिली होती. चाचणीच्या सकाळी तिनं आईला फोन केला.

"रूपेश गेला का?"

"गेला. परवापासून ताप होता त्याला. काल पन गोदामात दोन पाळ्या केल्या. आज काय खाल्लंन नाय, ती पावडर निस्ती पानी घालून प्याला," बुधी म्हणाली. आणि मग, "दीपा, मला बरं नाय वाटत. तू जा तिथं."

आईनं असं कधी म्हटलं नव्हतं. दीपा कारखान्याच्या दारापर्यंत पोचली होती, तिथूनच परत फिरली. रिक्षातून जाताना तिनं रूपेशला तीनदा फोन लावला. उचलला नाही. चारुताला लावला. "पोच तू. त्याला पळू देऊ नकोस," चारुता म्हणाली. "आणि फोन चालू ठेव."

ती पोचली तेव्हा चाचणी उशिरानं सुरू होऊन रूपेशचा गट निम्म्यावर आला होता. मैदानाला सावली नव्हती. पोरांच्या पायांखालून लाल धूळ उठत होती. रूपेश सर्वांत पुढं होता, बराच पुढं, आणि कडेला उभी असलेली पोरं त्याच्या नावानं ओरडत होती. दीपाला ते ओरडणं ऐकू येईना. तिची नजर भावाच्या गुडघ्यांवर होती. गुडघे उचलत नव्हते. पाय जमिनीला घासत पुढं सरकत होते आणि खांदे कानापर्यंत चढले होते. बाकी कुणाला त्यात काही दिसलं नाही. दमलेला माणूस पळतो तसा तो पळत होता.

"सोडू नको रूपेश," कृष्णकांत सर घड्याळ बघत म्हणाले. "रेकॉर्ड आहे. सोडू नको."

दीपा चुन्याची रेघ ओलांडून आत शिरली आणि भावाच्या वाटेत उभी राहिली. दोन्ही हात पसरून. कुणीतरी शिवी घातली. रूपेशनं तिला पाहिलं. त्याला बाजूनं जायचं होतं, तसा तो वळलाही, पण वळताना त्याचा एक पाय दुसऱ्यामागून आलाच नाही. तो तिच्या अंगावर कलंडला. तिनं त्याला धरून खाली घेतलं.

"बाजू हो बाय," तो म्हणाला. शुद्धीत होता, बोलत होता. "थोडंच राह्यलंय. उठव मला. पाय कुठं गेले?"

सर धावत आले. "उठवा त्याला, चालवा. गोळा आलाय. ग्लुकोज आणा."

"चालवायचं नाय," दीपा म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "सर, मांडी बघा दाबून. मऊ हाय. हा गोळा नाय."

सरांनी गुडघ्यावर बसून मांडी दाबली. त्यांचा चेहरा बदलला. आयुष्यभर पोरांच्या पोटऱ्या चोळलेला माणूस तो. त्यांच्या बोटांना काहीतरी वेगळं लागलं असावं. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि स्वतः पिंपाकडे पळाले. पोरांनी बनियनं काढून पाण्यात बुडवली आणि रूपेशच्या अंगावर घातली. भावेशनं रुग्णवाहिकेला फोन लावला. दीपानं चारुताचा फोन कानाला लावला होता. पलीकडून येणारा एकेक शब्द ती मोठ्यानं सांगत होती आणि चाळीस पोरं मुकाट्यानं ते करत होती.

बोईसरच्या दवाखान्यात तिनं दारातच तरुण डॉक्टरला गाठलं. "ह्याला सिकलसेल असंल. माझ्यात हाय. पळताना पाय गेले. पायाचं मांस फुटून किडनीवर जातं, असं मॅडमनी सांगायला सांगितलंय." डॉक्टरनं एकदा तिच्याकडे, एकदा रूपेशकडे पाहिलं आणि चारुताशी फोनवर दोन मिनिटं बोलून लगेच सलाईन लावलं, प्राणवायू लावला. दुपारपर्यंत रूपेशची लघवी कोऱ्या चहाहूनही काळी झाली, आणि मग व्हायचीच थांबली. त्याला मुंबईला हलवलं.

तिथं यंत्रावर त्याचं रक्त धुवायला लागले. सुका दारापाशी उकिडवा बसून असे. बुधी एका सकाळी उठली आणि कुणाला न विचारता रक्त तपासायच्या खिडकीपाशी जाऊन तिनं हात पुढं केला. तिच्यात काही निघालं नाही. सुकात निघालं. सुका ते ऐकून घराबाहेर काढल्यासारखा कोपऱ्यात सरकून बसला. बुधीनं त्याच्यासमोर जेवणाचा डबा उघडून ठेवला. "खा," ती म्हणाली. "तू काय हातानं घातलंस का ते त्याच्यात?"

रूपेश वाचला. बऱ्याच आठवड्यांनी त्याच्या किडन्या कामाला लागल्या. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी थोडा पळला असता किंवा चालवत नेला असता, तर हाती काही लागलं नसतं. रूपेशनं हे ऐकलं, पण ते त्याला पटलं नाही. तो बरा होऊन पाड्यात आला तोवर भरती होऊन गेली होती. भावेशची निवड झाली होती. रूपेशच्या मांड्या इतक्या बारीक झाल्या होत्या की पँट कमरेला दोरीनं बांधावी लागे.

"तू मधी आलीस," तो एकदाच म्हणाला. "रेकॉर्ड होता. मी पोचलो असतो."

त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. ती ओट्यावर आली की तो उठे. आई मध्ये बसून दोघांना वाढी.

कृष्णकांत सरांनी आरोग्य केंद्राची माणसं अकॅडमीत बोलावली. चाळीस पोरांमधल्या कितीजणांच्या रक्तात ते निघालं, हे त्यांनी दीपाला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज म्हाताऱ्यासारखा आला. "इतकी वर्षं मी काय पळवत होतो गं?" ते म्हणाले. चारुता आता आठवड्यातून दोनदा तिथं जाते. काही पोरं नावं काढून दुसऱ्या अकॅडमीत गेली, जिथं रक्त कुणी विचारत नाही. पहाटे रस्त्यानं त्यांच्या रांगा पळत जाताना दीपा थांबून त्यांचे गुडघे बघत राहते. कुणाचे उचलत नाहीत असं वाटलं की हाक मारते. कुणी थांबतं, कुणी हसून पुढं जातं.

पुढच्या ऑक्टोबरात नागपूरला राज्याची स्पर्धा झाली. दीपाची तयारी आजवरची सर्वांत चांगली होती. पण गाडी उशिरा पोचली, झोप झाली नाही, आणि शर्यत दुपारकडं ढकलली गेली. आठव्या फेरीत ती दुसरी होती आणि पहिलीची पाठ तिच्या हाताच्या अंतरावर होती. तेव्हा तिला ते जाणवलं. अगदी थोडं. मांडीच्या आत कुणीतरी ओलं पोतं ठेवावं तसं. अजून चार-साडेचार फेऱ्या होत्या. कदाचित निभावलंही असतं. तिनं वेग सोडला, दोन पावलं चालली आणि रेघेच्या आत येऊन बसली. प्रेक्षकांतून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. चारुता ओलं फडकं घेऊन आली, काही न विचारता शेजारी बसली. दीपा रडली, आणि रडताना आपले पाय हातानं चाचपत राहिली.

संध्याकाळी घरून फोन आला. आईचा असेल म्हणून तिनं उचलला, तर पलीकडं रूपेश होता. वर्षभरात त्यानं पहिल्यांदाच तिला फोन केला होता.

"काय झालं?"

"मधीच बसले."

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"भात कापायला आलंय," तो म्हणाला. "आपल्या बाला एकट्याला होनार नाय आन् मला अजून वाकता येत नाय. रविवारी येतेस ना?"

"येते," दीपा म्हणाली.